डॉसच्या संगणकावरील नेटवर्क कार्ड : ड्रायव्हर चढतो, पण आयपी पत्ता मिळत नाही

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे जुने हिशेब डॉसवरील फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहेत. तो 486 संगणक अजून चालतो व त्यावर एमएस-डॉस 6.22 आहे. फ्लॉपी ड्राइव्ह कधी वाचतो, कधी वाचत नाही, म्हणून एनई2000 सुसंगत नेटवर्क कार्ड बसवले आणि पॅकेट ड्रायव्हर (कार्ड व नेटवर्क प्रोग्रॅम यांना जोडणारा ड्रायव्हर) व एमटीसीपी (डॉससाठीचे नेटवर्क प्रोग्रॅम) कसेबसे फ्लॉपीवरून उतरवून घेतले. ड्रायव्हर चढतो, कार्डाचा हार्डवेअर पत्ता पडद्यावर उमटतो, राउटरवरील दिवाही लागतो. परंतु डीएचसीपीकडून (आपोआप पत्ता देणारी राउटरची सोय) आयपी पत्ता मिळत नाही. शिवाय कॉम-2 या सिरियल पोर्टावर जोडलेला माउस तेव्हापासून हलत नाही. कार्ड खराब असेल काय? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : कार्ड बहुधा ठणठणीत आहे. आपण माउसचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण दोष कुठे आहे ते त्यावरूनच कळते. एनई2000 जातीची कार्डे कारखान्यातून सहसा पोर्ट 300 (संगणक ज्या पत्त्यावर कार्डाशी बोलतो तो) आणि इंटरप्ट 3 (कार्ड ज्या वाटेने प्रोसेसरचे लक्ष वेधते ती) अशा सेटिंगवर येतात, आणि इंटरप्ट 3 हा कॉम-2 चा ठरलेला इंटरप्ट आहे. पोर्ट बरोबर असल्यामुळे ड्रायव्हरला कार्डावरील हार्डवेअर पत्ता वाचता येतो (पोर्ट चुकले असते तर बहुधा सगळीकडे एफएफ दिसले असते), आणि डीएचसीपीची विनंती तारेवरून बाहेरही पडते. पण राउटरचे उत्तर आल्याची वर्दी कार्डाला इंटरप्टमार्फतच द्यावी लागते आणि तिथे माउस व कार्ड एकाच दारात अडकून बसतात.

तेव्हा कार्डाला इंटरप्ट 10 द्यावा. आयएसए जातीचे जुने स्लॉट असलेल्या संगणकावर इंटरप्ट 5 हा पुष्कळदा साउंड कार्डाकडे आणि 7 प्रिंटर पोर्टाकडे असतो, तर 10 आणि 11 बहुधा मोकळे सापडतात. मात्र ते 16 बिटांच्या लांब स्लॉटमध्येच उपलब्ध असल्याने कार्ड तशाच स्लॉटमध्ये असायला हवे. कार्डावर जंपर (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) असतील तर ते बदलावेत. रिअलटेक 8019 सारखी चिप असेल तर सेटिंग कार्डावरच साठवलेले असते आणि ते कार्डासोबतच्या सेटअप प्रोग्रॅमने बदलता येते. तो प्रोग्रॅम चालवताना पॅकेट ड्रायव्हर व ईएमएम386 (डॉसचा स्मृती सांभाळणारा ड्रायव्हर) चढवलेले नसावेत, आणि कार्ड ‘प्लग अँड प्ले’वर (सेटिंग आपोआप ठरण्याची पद्धत) असेल तर ते ‘जंपरलेस’वर आणावे, कारण डॉस स्वतः प्लग अँड प्ले जाणत नाही.

यानंतर संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्सेक.बॅटमधील ओळ अशी होईल :

एनई2000 0एक्स60 10 0एक्स300

यातील पहिला आकडा पॅकेट ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअर इंटरप्टचा, दुसरा कार्डाच्या इंटरप्टचा आणि तिसरा पोर्टाचा. पुष्कळ जण इथेच घसरतात. आकड्याच्या आधी शून्य व एक्स लावला तरच ड्रायव्हर तो आकडा षोडशमान (16 च्या पायाचा) धरतो. नुसते 300 लिहिले तर ते दशमान समजून तो षोडशमान 12सी या भलत्याच पोर्टावर कार्ड शोधतो, आणि उलट 10 च्या आधी शून्य-एक्स लावला तर त्याचे 16 होतात. आणखी एक सापळा असा, की नॉव्हेल नेटवेअरच्या ड्रायव्हरचे नावही एनई2000.कॉम असेच आहे. तो ओडीआय या नॉव्हेलच्या वेगळ्या पद्धतीचा ड्रायव्हर असून एलएसएल.कॉम आधी चढवल्याशिवाय चालत नाही व एमटीसीपीला त्याचा थेट उपयोग नाही. आपल्याकडील ड्रायव्हर पॅकेट ड्रायव्हरच असल्याची खात्री करून घ्यावी.

एमटीसीपीच्या सेटिंग फाइलमध्ये ‘पॅकेटइंट 0एक्स60’ ही ओळ असावी आणि ती फाइल कुठे आहे ते ‘सेट एमटीसीपीसीएफजी=’ या आज्ञेने सांगितलेले असावे. डीएचसीपी प्रोग्रॅम पत्ता मिळवून त्याच फाइलमध्ये लिहितो आणि संपतो. तो स्मृतीत राहत नाही, म्हणून मुदत संपली की पुन्हा चालवावा लागतो.

फाइली हलवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचा जुना नेटवर्क क्लायंट वापरू नये, असे माझे मत आहे. तो स्मृती बरीच खातो; शिवाय त्याला लागणारा एसएमबी या फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीचा पहिला अवतार विंडोज 10 च्या 1709 आवृत्तीपासून नव्या संगणकांवर मुळात बसवलेलाच नसतो. एमटीसीपीमधील एफटीपी (फाइली पाठवण्याचा प्रोग्रॅम) पुरेसे आहे. पाठवण्याआधी ‘बायनरी’ ही आज्ञा द्यावी आणि डीबीएफ (टेबल) फाइलींबरोबर एफपीटी (मेमो, म्हणजे लांब मजकूर) व सीडीएक्स (इंडेक्स) फाइलीही घ्याव्यात. मेमो असलेल्या टेबलाची एफपीटी मागे राहिली तर ते टेबल उघडणारच नाही. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून हे काम आपल्या कार्यालयातील नेटवर्कापुरतेच ठेवावे.

प्रश्न : माझ्या जुन्या कार्डाला फक्त गोल बीएनसी सॉकेट आहे. केबल टीव्हीची तार वापरून ते राउटरला जोडता येईल काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. त्या कार्डाला 50 ओहमची तार आणि दोन्ही टोकांना 50 ओहमचे टर्मिनेटर (टोकाला बसवायचे रोधक) लागतात, तर टीव्हीची तार 75 ओहमची असते. बीएनसी व आरजे-45 (आजचे नेहमीचे नेटवर्क सॉकेट) असे दोन्ही सॉकेट असलेला जुना हब मिळाला तर मध्ये तो बसवावा. नाहीतर आरजे-45 चे कार्ड शोधणेच सोयीचे पडेल.