वस्तू उलटी करून बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. अमेरिकेतलं रिकामं अपार्टमेंट, नोकरीचे पहिले महिने आणि दुकानातल्या फर्निचरच्या किमती बघून भरलेली धडकी, सगळं समजलं. त्यावर उपाय म्हणून इस्टेट सेलला जावं असं तुझ्या मनात आलं, याचा मला मनापासून आनंद झाला. फोनवर सांगत बसले असते तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहूनच पाठवते.

गराज सेल आणि इस्टेट सेल यांत गल्लत करू नकोस. गराज सेलला लोक नको झालेलं सामान अंगणात मांडतात. इस्टेट सेलला अख्खं घर उघडतं. बहुतेक वेळा घरातलं माणूस वारलेलं असतं, नाहीतर मुलांकडे किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलेलं असतं, आणि मागे चमच्यापासून पियानोपर्यंत सगळं जागच्या जागी असतं. मुलं लांब राहतात, त्यांना वेळ नसतो. मग ती हे काम एखाद्या कंपनीकडे सोपवतात. कंपनी किमती लावते, विक्री करते आणि आलेल्या पैशातून आपला वाटा कापून घेते. सेल बहुधा शुक्रवार ते रविवार असतो. फोटो काही दिवस आधी ऑनलाइन येतात, पत्ता पुष्कळदा अगदी आदल्या दिवशी कळतो. पहिल्या दिवशी लावलेली किंमत द्यायची, दुसऱ्या दिवशी थोडी सूट मिळते आणि शेवटच्या दिवशी बरंचसं निम्म्यात जातं. दाराशी नंबराच्या चिठ्ठ्या देतात, त्या क्रमाने आत सोडतात.

आत शिरल्यावर सगळी गर्दी डायनिंग रूमकडे, काचेच्या कपाटाकडे जाते. तू जाऊ नकोस. कंपनीच्या माणसांनी त्या कपाटातली प्रत्येक वस्तू आधीच तपासून तिची पुरेपूर किंमत लावलेली असते. त्यांचा वेळ संपतो तो स्वयंपाकघराच्या खालच्या कप्प्यांपाशी, शिवणाच्या खोलीत आणि बेसमेंटमध्ये. तिथे ढिगावर एकच चिठ्ठी असते. तुझी जागा तिथे. आणि तिथे हातात येईल ती वस्तू पहिल्यांदा उलटी कर. पुढची बाजू सगळेच बघतात, वस्तूची खरी माहिती तळाला असते.

सुरुवात बीडाच्या तव्यापासून कर, कारण तो तुला रोज लागणार आहे. तळावर ग्रिसवोल्ड आणि ईरी, पेनसिल्वेनिया असं दिसलं तर थांब. तो कारखाना १९५७ मध्ये बंद झाला, म्हणजे अस्सल असेल तर तवा त्याच्या आधीचा. ओहायोतल्या सिडनी गावच्या वॅगनरचे तवेही तितकेच चांगले. हे जुने तवे आजच्यापेक्षा हलके असतात आणि आतून हात फिरवला तर गुळगुळीत लागतात, नव्यासारखे खरखरीत नाही. त्यावर थालीपीठ लावून बघ, कडेपर्यंत सारखं खरपूस होतं. गंज दिसला म्हणून सोडू नकोस. पाणी-व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवून घासला, तेल लावून ओव्हनमध्ये तापवला की तवा पुन्हा उभा राहतो. चीर मात्र नको. आपण माठ घेताना बोटाने वाजवतो ना, तसा तवा हातात लटकता धरून वाजव. घुमला तर चांगला, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मग सपाट ओट्यावर ठेव आणि दाब देऊन बघ. डुगडुगला किंवा गोल फिरला तर तुझ्या काचेच्या शेगडीवर तो बसणार नाही. आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगते. इथे काही लोक मासेमारीची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला असल्या तव्यांत शिसं वितळवत असत. गळ, शिकारीचं सामान अशा गोष्टींच्या शेजारी गराजमध्ये पडलेला तवा स्वयंपाकासाठी घेऊ नकोस.

शिसं म्हटल्यावर जुन्या रंगीत बशा-वाडग्यांचंही सांगते. दिसायला सुंदर असतात, पण जुन्या ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या चकाकत्या थरात, आणि रंगात शिसं असू शकतं. १९३६ मध्ये आलेल्या फिएस्टा नावाच्या भांड्यांच्या लाल-केशरी रंगात तर युरेनियम वापरलेलं होतं. अशी भांडी शेल्फवर ठेव, त्यात आमटी वाढू नकोस.

चांदीच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त फसतात. तळावर 'स्टर्लिंग' हा शब्द हवा, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' असं कोरलेलं काट्या-चमच्यांचं खोकं तुला हमखास भेटेल. १८४७ सालची चांदी समजून लोक हरखतात. ते नुसतं ब्रँडचं नाव आहे आणि वर फक्त मुलामा आहे. मेणबत्तीच्या स्टँडवर स्टर्लिंगच्या जोडीला 'वेटेड' लिहिलेलं असेल तर आत दुसरंच काहीतरी भरलेलं असतं, चांदी पत्र्याएवढी. सुऱ्यांच्या मुठीही तशाच. वजनावर भाव करू नकोस. नाण्यांचा डबा सापडला तर डाइम आणि क्वार्टर, म्हणजे दहा आणि पंचवीस सेंटच्या नाण्यांवरची सालं वाच. १९६४ पर्यंतच्या नाण्यांत ९० टक्के चांदी आहे. साल पुसलेलं असेल तर कड बघ, चांदीच्या नाण्याला तिथे तांब्याची रेघ दिसत नाही.

बरोबर एक छोटं लोहचुंबक ठेव. पितळेचा म्हणून विकायला ठेवलेला दिवा त्याला चिकटला, की आत लोखंड आहे हे कळलं. टॉर्च, मोजपट्टी, जुनी वर्तमानपत्रं, मजबूत पिशव्या आणि सुट्टे पैसे. एवढं पुरतं.

आता शिवणाची खोली. तुझ्या आजीच्या हाताखाली तू शिवण शिकलीस हे मला माहीत आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. कपाटाच्या तळाशी काळी, चौकोनी, कडीची पेटी दिसली तर उघड. आत सिंगर कंपनीचं फेदरवेट हे शिवणयंत्र असू शकतं, मॉडेल २२१, पहिल्यांदा १९३३ मध्ये आलेलं. काळंभोर अंग, सोनेरी नक्षी, वजन जेमतेम पाच किलो. मशीन अलगद आडवं कर. तळावर नंबर ठोकलेला असतो, त्यावरून ते कोणत्या वर्षीचं हे शोधता येतं. मग वीज न लावता चाक हाताने फिरव. सुई सहज वरखाली झाली पाहिजे. अडकत असेल तर घाबरू नकोस, पुष्कळदा जुनं तेल घट्ट झालेलं असतं. वायरीचं आवरण मात्र वाकवून बघ, तडे असतील तर बदलल्याशिवाय प्लगला लावायचं नाही. बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळं बसते ती छोटी डबी, आत आहे ना याची खात्री कर. ती बऱ्याचदा हरवलेली असते आणि वेगळी घ्यायला गेलं तर महाग पडते. आपल्या शेजारच्या एलिझाबेथ शहरात सिंगरचा अवाढव्य कारखाना होता, १९८२ पर्यंत चालला. या भागातल्या घरांत ही मशीनं निघतात, नीट ठेवलेली निघतात. तुला एक मिळावं अशी माझी फार इच्छा आहे.

फर्निचरचं थोडक्यात. ड्रॉवर बाहेर काढून उलटा कर. लाकडाचे सांधे एकमेकांत गुंतवलेले आणि जरा कमी-जास्त मापाचे असतील तर हाताचं काम, अगदी एकसारखे असतील तर यंत्राचं. फुलीच्या खाचेचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू दिसला तर तो १९३०च्या दशकातला किंवा त्यानंतरचा, मग विकणारा कपाट शंभर-दीडशे वर्षांचं आहे म्हणो. गादी, सोफा, कापडी खुर्ची घेऊच नकोस. ढेकूण घरात आले तर वाचवलेले सगळे पैसे त्यांच्यावर जातील.

हस्तिदंताला हात लावू नकोस, न्यू जर्सीत २०१४ च्या कायद्याने त्याची विक्रीच बेकायदा ठरली आहे. भारतातली प्राचीन मूर्ती म्हणून काही दाखवलं तर ती भारतातून कधी आणि कशी बाहेर आली याची कागदपत्रं माग. नसतील तर कितीही सुंदर असो, सोड.

आता जे सांगते ते माझ्या जिवाजवळचं आहे. १९६५ मध्ये इथला इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि त्यानंतर डॉक्टर, इंजिनियर म्हणून आपली माणसं आली. ती पिढी आता थकली आहे, काही गेली. त्यांची घरंही आता इस्टेट सेलला निघू लागली आहेत. अशा घराच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर स्टीलचे डबे असतात. एक खाली काढ, कडेने बोट फिरव. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव लागेल, खाली लग्नाची तारीख आणि 'सप्रेम भेट'. कुणा मामाने, कुणा आत्याने पुण्या-कोल्हापूरच्या दुकानात उभं राहून ते नाव घालून घेतलेलं असतं, आणि कंपनीने त्यावर 'मेटल कॅनिस्टर' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. शेजारी 'कुकी प्रेस' म्हणून सोऱ्या, खलबत्त्याचा फक्त बत्ता, पुरणयंत्र. बेसमेंटमध्ये मराठी पुस्तकांची खोकी आणि बहुतेक एखादी बंद पडलेली बाजाची पेटी.

असं घर लागलं तर काउंटरवरच्या बाईंना सोऱ्या म्हणजे काय हे समजावून सांग, त्या खरंच ऐकतात. घरची मुलं तिथे असतील तर डब्यावरचं नाव त्यांना वाचून दाखव. अनेकांना देवनागरी येत नाही आणि आईच्या डब्यावर काय लिहिलंय हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नसतं. वाचून दाखवल्यावर त्यांनी डबा परत मागितला तर लगेच देऊन टाक. पुस्तकं शेवटच्या दिवशी खोक्याच्या भावात मिळतात. मिळतील तेवढी उचल. ठेवायला जागा नसेल तर माझ्याकडे आण, आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात देता येतील. ती पुस्तकं कचऱ्याच्या डब्यात गेलेली मला बघवत नाहीत.

कोटाच्या खिशात पैसे, पुस्तकात पाकीट किंवा डब्यात अंगठी सापडली तर तशीच काउंटरवर नेऊन दे. तू डबा विकत घेतलास, अंगठी नाही. माणूस कसं गेलं हे विचारू नकोस, आणि त्यांच्या पडद्यांना, वॉलपेपरला मैत्रिणीशी हसू नकोस. भिंतीपलीकडे मुलगी बसलेली असू शकते.

भाव पहिल्या दिवशी करायचा नाही, ते शोभत नाही आणि उपयोगही होत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर चार-पाच वस्तू एकत्र मांड आणि सगळ्याचे मिळून किती घ्याल, असं नीट विचार. त्यांनाही घर रिकामं करायचं असतं. किंमत पडताळायला फोनवर बघायचं तर लोक काय मागताहेत ते बघू नकोस, वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघ. ईबेवर विकलेल्या वस्तूंची यादी वेगळी मिळते.

येत्या शनिवारी मेटचनला एक घर उघडतंय. फोटोंमध्ये शिवणाची खोली दिसते आहे आणि कोपऱ्यात एक काळी पेटीही आहे. मी साडेसातला तुझ्या दाराशी येते. चहा थर्मासमध्ये घेते, तू वर्तमानपत्रं आणि पिशव्या आण. गाडीची मागची सीट मी आधीच पाडून ठेवली आहे.

तुझी,
काकू