विंडोजमध्ये चालणारे लॅन कनेक्शन उबंटूत का चालत नाही?

आपण लिहिले आहे की पंचवटीतील घरी एकाच संगणकावर विंडोज आणि उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आहेत, केबल ऑपरेटरची तार थेट संगणकाला जोडलेली आहे, विंडोजमध्ये इंटरनेट नीट चालते, पण उबंटूत चालत नाही; आणि तार बसवायला आलेला माणूस ‘लिनक्सवर आमचे कनेक्शन चालत नाही’ असे सांगून गेला. त्याचे म्हणणे कृपया अंतिम मानू नका. तार तीच, ती जिथे जोडतात ते लॅन कार्ड तेच, आणि कार्डाची ओळख सांगणारा क्रमांक, म्हणजे मॅक पत्ताही दोन्हीकडे साधारणतः तोच असतो.

सर्वांत आधी उबंटू सुरू असताना लॅन पोर्टजवळचा छोटा दिवा लागतो का, ते पाहा. पुढचे सगळे त्यावर ठरते.

दिवा लागतच नसेल, तर विंडोजने बंद होताना कार्डाला झोपवून ठेवले असण्याची शक्यता मोठी आहे. इंदिरानगरला माझ्या रिअलटेक कंपनीच्या कार्डाच्या संगणकावर हेच झाले होते, आणि मी कारण न शोधता महात्मा गांधी रोडवरून नवी केबल आणली, ती अर्थातच वाया गेली. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, तिच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र ती पूर्ण बंद होते. म्हणून विंडोजमधून रीस्टार्ट करून उबंटू निवडा. दिवा लागला तर कारण सापडले, असे समजून कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगखाली, फास्ट स्टार्टअपची खूण काढा. उबंटूत विंडोजचे ड्राइव्ह फक्त वाचता येत असतील, त्यांवर काही साठवता येत नसेल, तर तीही याचीच खूण असू शकते.

एवढ्याने भागले नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ (बंद संगणक लॅनवरून जागा करण्याची सोय) सुरू करा. काही रिअलटेक ड्रायव्हर ही सोय बंद असली की जाताना कार्डही बंद करून जातात. त्यानंतर विंडोज बंद करून संगणकाची वीज अर्धा मिनिट पूर्ण काढून ठेवावी.

दिवा लागतो, पण पाने उघडत नाहीत, असे असेल तर कार्ड बहुधा निर्दोष आहे. थेट तारेवर अनेक ऑपरेटर पीपीपीओई वापरतात, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड देऊन डायल करावे लागते, आणि विंडोजमध्ये साठवलेली ती जोडणी उबंटूला माहीत नसते. उबंटूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन’ उघडून डीएसएल किंवा पीपीपीओई प्रकारची नवी जोडणी करा, तीत आपले लॅन कार्ड निवडा आणि तीच माहिती भरा. पासवर्ड आठवत नसेल तर ऑपरेटरकडून नवा मागून घ्या.

मध्ये राउटर बसवून त्यातच ही माहिती भरली, तर दोन्ही प्रणालींना पत्ता आपोआप मिळेल आणि प्रत्येकीत वेगळे डायल करावे लागणार नाही. दिव्याचा दोष असेल, तर तो मात्र राउटरने जाणार नाही. त्यासाठी विंडोजमधील सेटिंग बदलावेच लागेल.