दलालीचं बोलणं आधी करून घे

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

निरोप मिळाला. अलिबागजवळच्या नागावचं घर विकायचं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत आणि आईनेही मनापासून होकार दिला, तेव्हा विकावं की ठेवावं हा विषय मी काढत नाही. तुझा प्रश्न एवढाच आहे की एजंट दोन टक्के मागतोय. घराची किंमत चार कोटी धरली तर त्याचे ८ लाख होतात आणि जीएसटी धरला तर ९ लाख ४४ हजार. हे कमी होईल का?

होईल. दलाली किती घ्यायची हे आपल्याकडे कुठल्या कायद्याने ठरवलेलं नाही. घरबांधणी आणि विक्रीवर लक्ष ठेवणारा रेरा कायदा २०१६ सालचा. त्याखालचं आपल्या राज्याचं प्राधिकरण, महारेरा, २०१७ पासून काम करतंय, एजंटांना नोंदणी करावी लागते, २०२३ पासून परीक्षाही आली. पण दराबद्दल त्यात एक ओळ नाही. 'इकडचा रेट दोन टक्केच' असं तो म्हणतो ते रिवाज म्हणून खरं आहे, नियम म्हणून नाही. वीस लाखांच्या प्लॉटवर दोन टक्के म्हणजे ४० हजार. त्यासाठी त्याला पार्ट्या फिरवाव्या लागतात, तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागतात, त्या मानाने ते पैसे रास्तच आहेत. तुमचं घर त्या प्लॉटच्या वीसपट किमतीचं आहे, पण त्याला वीसपट काम पडत नाही. एवढं त्याला शांतपणे सांगितलंस की दीड टक्क्यावर तो येईल, आणि नीट बोललीस तर त्याच्याही खाली.

पण तुझ्या निरोपातल्या दुसऱ्याच वाक्याने मला काळजी लागली. तो म्हणाला, टक्क्यांची कटकटच नको, तुम्हाला साडेतीन कोटी हातात देतो, वरचे माझे.

याला कुणीही हो म्हणू नका. धाकट्या काकांना हे सोपं वाटेल, म्हणून त्यांना मुद्दाम सांग. गुहागरपासून अलिबागपर्यंत या बोलीवर कितीतरी वाड्या गेल्या. मी वकिली केली ती बहुतेक खरेदीखतांचीच, आणि 'वरचे माझे' म्हणून झालेल्या व्यवहारात दुय्यम निबंधकाच्या दारात तोंडं उतरलेली मी पाहिली आहेत. समज, तुमचं घर ४ कोटी १० लाखांना गेलं. खरेदीखतात ४ कोटी १० लाख लिहिले, तर भांडवली नफ्यावरचा कर तुमच्या नावावर त्या पूर्ण रकमेतून मोजला जाणार. वरचे ६० लाख दलाली म्हणून गेले हे दाखवायला तुमच्याकडे त्याचं बिल हवं, आणि या बोलीवर काम करणारा माणूस ६० लाखांचं बिल कधीच देत नाही. म्हणून मग तो सुचवतो की कागदावर साडेतीनच दाखवू, वरचे मी रोखीने घेतो. म्हणजे खोट्या किमतीच्या दस्तावर तुमच्या सह्या, आणि पैसा भलत्याच्या खिशात. शिवाय त्या बोलीत तो तुमचा एजंट राहतच नाही. तुमच्याकडून स्वस्तात उचलून महाग विकणारा व्यापारी होतो, आणि खरा गिऱ्हाईक किती द्यायला तयार होता हे तुमच्यापर्यंत कधी येतच नाही.

आता टक्क्याकडे येतो, कारण सरळ टक्क्यातही एक खोट आहे आणि ती त्या माणसाच्या स्वभावाची नाही, हिशोबाची आहे. दोन टक्के ठरले आणि घर ३ कोटी ६० लाखांना गेलं, तर त्याला ७ लाख २० हजार. महिनाभर थांबून, आणखी पार्ट्या आणून ४ कोटींना गेलं, तर ८ लाख. तुमचे ४० लाख वाढले, त्याचे ८० हजार. त्या ८० हजारांसाठी तो हातातली पार्टी सोडेल का? तो आईला येऊन सांगेल की आत्ताच देऊन टाका, पुढे पावसाळा आहे. शिकागोच्या परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास लेव्हिट आणि सिव्हर्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली छापला. एजंटांनी स्वतःची घरं विकताना ती सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवली आणि ३.७ टक्के जास्त भाव मिळवला. चार कोटींवर ३.७ टक्के म्हणजे १४ लाख ८० हजार. ज्या दलालीसाठी तुझी झोप उडाली आहे, तिच्याहून ही रक्कम मोठी आहे. एक टक्का वाचवण्यात सगळा जोर घालवशील आणि भाव त्याच्यावर सोडशील, तर नुकसान तिथे होईल.

म्हणून मी सांगतो तशी मांडणी कर. साडेतीन कोटींपर्यंत १ टक्का. त्याच्या वर जे मिळेल त्यावर ५ टक्के. घर ३ कोटी ६० लाखांना गेलं तर त्याला ४ लाख मिळतील, ४ कोटींना गेलं तर ६ लाख. आता त्याच ४० लाखांच्या वाढीवर त्याला २ लाख दिसतात, आणि तुम्हाला एकूण दीडच टक्का पडतो. हे 'वरचे माझे' सारखं वाटेल, पण इथे किंमत उघड असते, पैसे तुमच्या खात्यात येतात आणि दलाली बिलावर जाते.

यात सगळं अवलंबून आहे ते साडेतीन कोटींच्या आकड्यावर. तो एजंटाने सांगितलेला असता कामा नये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि सर्व्हे नंबर टाकून सूची दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा उतारा, पाहता येते. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा इथले गेल्या दोन-तीन वर्षांतले घरांचे दस्त काढ. एखाददुसऱ्या दस्तातला आकडा खरा नसतो हे मलाही माहीत आहे, म्हणून एकावर विसंबू नकोस, दहा-बारा पाहा. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला, तेव्हापासून मुंबईचं गिऱ्हाईक अलिबागकडे वेगळ्या नजरेने पाहतं. एजंटाला हा फरक रोज दिसतो, पुण्यात बसलेल्या तुम्हाला दिसत नाही. त्याच्या बाजूने हीच एक मोठी गोष्ट आहे आणि चार संध्याकाळी खर्च केल्यास ती तू बरीचशी भरून काढशील.

त्याने तुमच्या अटी का मान्य कराव्या, असं तू विचारशील. तुझ्याकडे देण्यासारखं पुष्कळ आहे. एक म्हणजे घर तीन महिने फक्त त्याच्याचकडे. कोकणात घर दहा जणांना सांगितलं की दहा किमती होतात. गावातला माणूस तालुक्याच्या एजंटाला सांगतो, तो मुंबईच्याला, प्रत्येक जण आपला वाटा किमतीत चढवतो, आणि गिऱ्हाइकाला तेच घर तीन भावांत दिसलं की तो म्हणतो यात काहीतरी गडबड आहे. एकाकडेच दिलंत तर आपली मेहनत दुसरा घेऊन जाईल ही त्याची भीती जाते. या भीतीपोटीच तो जास्त टक्के मागत असतो. साखळीत पुढे कितीही माणसं असली तरी सगळी दलाली मिळून ठरली तेवढीच, वाटप तो करेल, हे मात्र करारात लिहून घे.

दुसरं म्हणजे स्वच्छ फाइल. सातबारा, आठ अ, वडिलांच्या पश्चात झालेल्या वारसनोंदीचा फेरफार, घराखालच्या जागेचा बिनशेती आदेश, बांधकाम परवानगी, घरपट्टीच्या पावत्या, वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल. हे सगळं पहिल्या दिवशी त्याच्या हातात असलं, तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं. तुमच्यात एक विशेष गोष्ट आहे. घर बिनशेती जागेवर आहे, पण मागची नारळी-सुपारीची वाडी माझ्या आठवणीप्रमाणे अजून शेतीच आहे. ती विकत घ्यायला गिऱ्हाईक शेतकरी असावा लागतो. हे आधी तपासलं नाही, तर तो आठ रविवार आठ पार्ट्या घेऊन येईल आणि त्यातल्या सहा तिथेच अडकतील. समुद्र जवळ असल्याने सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या बंधनांचा, प्रश्नही प्रत्येक जण विचारणार: मागे पोहण्याचा तलाव बांधता येईल का, वर मजला चढवता येईल का. 'होतं सगळं' असं उत्तर त्याने तुमच्या वतीने देता कामा नये. पुढे भांडण झालं तर ते शब्द तुमच्या गळ्यात येतात.

एखादी गोष्ट तो खरंच तुमच्यासाठी करणार असेल, उदाहरणार्थ भूमी अभिलेखकडून मोजणी लावून घेणं किंवा हद्दीच्या शेजाऱ्याशी बोलून वाद मिटवणं, तर त्याचे वेगळे पैसे ठरव आणि काम झाल्यावर लगेच दे. तिथे हात आखडू नकोस. आत्याची सही मिळवायला तो दोनदा मिरजेला गेला, तर ती दलाली नव्हे, ती मेहनत आहे.

पैसे कधी द्यायचे, यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. विसार, म्हणजे सौदा ठरवताना दिलेली आगाऊ रक्कम, हातात पडला की तो अर्धी दलाली मागेल. विसार म्हणजे विक्री नाही. नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झाल्यावर चौथा हिस्सा, बाकी खरेदीखताच्या दिवशी, पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात जमा झाल्यावर. पार्टी मध्येच मागे फिरली आणि विसार तुमच्याकडे राहिला, तर त्यात त्याला काही मिळणार की नाही हेही आत्ताच बोला. थोडा वाटा द्यायला माझी हरकत नाही, कारण पार्टी पळाली यात त्याचा दोष नसतो.

शेजारचे डॉक्टर घर घेण्यात रस दाखवतायत असं तू मागे म्हणाली होतीस. त्यांचं आणि आणखी कुणी ओळखीचं असेल त्यांचं नाव करारात आधीच घाल: यांच्यापैकी कुणी घेतलं तर दलाली नाही. उलट बाजूने तोही म्हणेल की तीन महिने संपल्यावर मी दाखवलेल्या पार्टीने घेतलं तर माझे पैसे द्या. हे त्याचं म्हणणं न्यायाचं आहे. मात्र मुदत सहा महिन्यांची ठेव आणि दर रविवारी कोण येऊन गेलं त्यांची नावं त्याने व्हॉट्सअॅपवर पाठवायची असं ठरव. पुढे 'ती पार्टी माझी' हा वाद उरत नाही.

तो गिऱ्हाइकाकडूनही दोन टक्के घेणार का, हे सरळ तोंडावर विचार. बहुतेक घेतोच. घेणार असेल तर तुमच्याकडचे कमी होण्याला आणखी एक कारण मिळालं.

रोखीने दिलंत तर जीएसटी वाचेल, असंही तो सुचवेल. हिशोब करून पाहा. ६ लाखांवर जीएसटी १ लाख ८ हजार. पण ७ लाख ८ हजारांचं बिल असलं, तर ती रक्कम विक्रीच्या खर्चात धरून भांडवली नफ्यातून वजा होते. साडेबारा टक्क्यांनी ८८ हजार ५०० रुपये कर कमी होतो, अधिभार आणि उपकर धरले तर त्याहून जास्त. तुम्ही नफा दुसऱ्या घरात गुंतवून सगळाच कर वाचवणार असाल तर हा फायदा दिसणार नाही, पण तरीही बिल घ्याच. पावती नसलेली दलाली उद्या कोर्टात सिद्ध करणं फार अवघड जातं, त्यालाही आणि तुम्हालाही. शेवटचा आकडा तुमच्या सीएकडून तपासून घे.

आणि बोलताना एक जप. तो माणूस त्या गावात राहतो, तुम्ही नाही. त्याला चार लोकांसमोर दर विचारू नकोस, दुसऱ्याच्या कमी दराचा कागद त्याच्यापुढे आपटू नकोस. घरात बसवून, चहा देऊन, सूची दोनचे कागद समोर ठेवून बोल. दलाली इतकी खाली ओढू नकोस की पुढच्या शनिवारी आलेली चांगली पार्टी तो आधी किहीमच्या दुसऱ्या बंगल्यावर नेईल. तो एक टक्का आणि वरच्या रकमेवर चार टक्के म्हणाला तर सगळ्यात उत्तम. सव्वा आणि पाच म्हणाला तरी मान्य कर.

कराराचा मसुदा तू लिहू नकोस, त्यालाही लिहू देऊ नकोस. ठरलेले मुद्दे मला पाठव, मी दोन पानांत बसवून देतो. आईचं किंवा तुझं कुठलंही मुखत्यारपत्र त्याच्या नावाने करायचं नाही, 'नोंदणीला सोपं जाईल' म्हणाला तरी नाही. त्याच्या महारेरा नोंदणीचा क्रमांक विचार. जुन्या घराच्या विक्रीला ती नोंदणी लागतेच असं नाही, पण असलेला बरा. आणि घराची किल्ली करारावर सह्या झाल्यावरच द्यायची. तोवर कुणी पार्टी आलीच तर शेजारच्या वहिनींना सांगून उघडून दाखवा.

तुझे,
वकीलकाका