रविवारी घाट चढू नको

पोरी,

ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड आलं म्हणून काल मेसेज केलास, लई बरं वाटलं. खाली लगेच दोन प्रश्न, काका रेक डाईव्हला, म्हणजे बुडालेलं जहाज बघायला, कधी नेताय, आणि गोव्यात डाईव्ह झाल्यावर रविवारी रात्रीचं क्लबचं जेवण कंपल्सरी आहे काय, मला त्याच रात्री बेळगावात पोचायचंय. फोनवर सांगून झालं नसतं म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आधी जेवणाचं. पाण्याखाली दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो आणि आपण ओढतो त्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरत जातो, दाब झटकन कमी झाला की त्याचे अंगातच बुडबुडे होतात, म्हणून वर येताना मिनिटाला ९ मीटरच्या वर जायचं नाही, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, हे कोर्समध्ये शिकलीयासच. खरं बोटीवर चढलीस म्हणजे नायट्रोजन संपला असं नसतंय, तो पुढं कितीतरी तास निघत असतोय. किनाऱ्यावरच्या माणसाला घरी जाताना चढ नाही, आपल्याला आहे. बेळगाव समुद्रापासून साधारण साडेसातशे मीटर वर, आणि चोर्ला घाट चढला की हवेचा दाब कमी, म्हणजे शरीराच्या हिशोबानं तू अजून वरच येत राहिलीस. विमानाचा जो नियम, एक डाईव्ह झाली तर किमान १२ तास आणि जास्त झाल्या तर १८, तो ६०० मीटरच्या वर गाडीनं जायलाही धरायचा.

हे मी पुस्तकातनं सांगत नाही. बरीच वर्षं झाली, दोन डाईव्ह मारून आम्ही चारच्या सुमारास निघालो, साखळी, केरी करत घाट चढलो आणि कणकुंबीच्या अलीकडं माझा डावा खांदा ठणकायला लागला. सिलिंडर उचलताना लचकला असेल म्हणून गप्प बसलो, मग बोटांना मुंग्या. मागच्या सीटवर क्लबातलाच एक डॉक्टर होता, त्यानं विचारून विचारून माझ्याकडनं काढून घेतलं आणि तिथल्या तिथं गाडी खाली वळवायला लावली. खाली येऊन ऑक्सिजन लावला, मग दवाखाना. त्या दिवसापासनं डाईव्हची रात्र खालीच काढायची हे क्लबात ठरलं, आणि जेवण त्यातनं सुरू झालं.

आणि त्या जेवणात काय होतंय ते बघ. ताटात हुमण भात, शेजारी लॉगबुक, कुणाची किती हवा उरली ते सगळ्यांच्या देखत लिहायचं. सिलिंडरमधली हवा ७० बारपर्यंत उतरली तरी बडीला, म्हणजे डाईव्हच्या जोडीदाराला, सांगितलं नाही, हे कोण कबूल करतंय आणि कोण गोल फिरवतंय ते तिथं कळतंय. आज मी खाली घाबरले, हे जो मोकळेपणानं सांगतो त्याच्याच मागनं मी जहाजाच्या दारात जाईन, मग त्याचं कार्ड कुठलं का असेना.

आता रेक. तू थिसलगॉर्मचा व्हिडिओ पाठवलास, १९४१ मध्ये तांबड्या समुद्रात बुडालेलं जहाज, आत अजून मोटारसायकली आणि ट्रक उभे, बघून माझंही मन भरून येतंय. खरं ते ३० मीटरच्या आसपास आहे, तुझं कार्ड १८ मीटरचं. आपण आधी गोव्यातल्या ग्रँड आयलंडजवळच्या सूझीज रेकवर जाऊ, आणि बाहेरनंच. उघड्या समुद्रात गडबड झाली तर वर पाणीच असतंय, जहाजाच्या आत वर छत असतंय, सरळ वर येताच येत नाही. आत वर्षानुवर्षांचा गाळ, पायातल्या फिनचा एक चुकीचा फटका बसला की सगळा उठतोय, आणि टॉर्च लावलास तर पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात हाय बीम लावल्यासारखं, उजेड सगळा आपल्याच तोंडावर. म्हणून आत जाणारे हवेचे तीन वाटे करतात, एक जायला, एक यायला, एक हात न लावता ठेवायला. हे वेगळं ट्रेनिंग आहे, त्याच्याशिवाय दार कितीही मोठं दिसू दे, आत डोकं घालायचं नाही.

बाहेरही जाळी अडकलेली असतात, कटर हाताला सापडेल असा ठेव. गंजका पत्रा धरायचा नाही. तिथनं काही उचलून आणायचं नाही, एक खिळासुद्धा नाही, कुणीतरी त्या जहाजावर राहिलेलं असतंय.

सिंधुदुर्गात निवतीकडं गुलदार या नौदलाच्या निवृत्त जहाजाचं पाण्याखालचं म्युझियम करायचा महाराष्ट्राचा प्रकल्प आहे, त्याच्याकडं मी डोळे लावून बसलोय. अशी जहाजं बुडवायच्या आधी तेल काढून साफ करतात, शिकणाऱ्याला त्यासारखी जागा नाही.

पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा रविवारी सकाळी स्विमिंग पूलवर येत जा. मास्क काढून घालायचा आणि एका जागी तरंगत राहायचं, बास, तेवढंच करायचं शंभर वेळा. कंटाळा येईल, तरी ये.

तर सोमवारची सुट्टी टाक. दुपारी जेवून निघू, तोवर १८ तास होऊन जातात. आईला काळजी वाटत असेल तर मी बोलतो तिच्याशी. आणि येताना अर्धा किलो कुंदा आण, आपल्या बोटीच्या तांडेलाला लई आवडतोय.

तुझा,
काका