आधी संग्रह ओळख, मग शब्द शोध

प्रिय संशोधक,

अनेक आशीर्वाद.

पुणे जिल्ह्यातला १८७६-७८ चा दुष्काळ हा विषय तू घेतलास. शोधचौकटीत ‘दुष्काळ’ टाकल्यावर एका संग्रहात ढीगभर नोंदी, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात शून्य आल्या, म्हणून तुझा गोंधळ झाला. त्या शून्यावरून दुष्काळाबद्दल काहीच कळत नाही. ज्यांनी त्या संग्रहाची सूची केली, त्यांनी तो शब्द तसा लिहिलेला नाही, एवढंच त्यावरून कळतं. विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे डिजिटल संग्रह बाहेरून एकसारखे दिसतात: वर चौकट, खाली यादी. आत मात्र कुठे प्रबंध आहेत, कुठे सरकारी अहवाल, कुठे कोश, कुठे ध्वनिमुद्रणं. प्रत्येक संग्रह कुणीतरी, कशासाठीतरी जमवला आहे. तो हेतू कळल्याशिवाय शोध घेणं म्हणजे अंदाज बांधणं.

सुरुवात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या संग्रहापासून कर. ही संस्था १९३० ची. तिच्या ग्रंथालयाला धनंजयराव गाडगीळ यांचं नाव आहे आणि तिथली जुनी पुस्तकं, सरकारी अहवाल, काळे स्मृती व्याख्यानं डीस्पेस या प्रणालीवर ठेवलेली आहेत. अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी जमलेला हा साठा आहे, म्हणून तुझ्या विषयाला सगळ्यात जवळचा. पण बराचसा इंग्रजी आहे, आणि त्यातली नावं त्या काळच्या इंग्रजी वळणाची आहेत. पुण्याला ‘पूना’, सोलापूरला ‘शोलापूर’, दौंडला ‘धोंड’ असं शोधावं लागेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तालुके बदललेत. बारामती आणि दौंड तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी सावकारांविरुद्ध पहिला दंगा झाला ते सुपेही भीमथडीतच. ‘बारामती’ शोधून थांबलास तर तुझ्या विषयाचा गाभाच निसटेल. जुन्या तालुक्यांची यादी आधी गॅझेटियरवरून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथावरून, करून घे. पुणे जिल्ह्याचा गॅझेटियर म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालेतला अठरावा खंड, तीन भागांत, १८८५ चा. दुष्काळाची माहिती एकाच प्रकरणात मिळेल असं समजू नकोस. शेती, भांडवल, जमीन महसूल अशा प्रकरणांतही ती विखुरलेली असते.

शोधताना ‘फॅमिन’ आणि ‘स्कॅर्सिटी’ हे दोन्ही शब्द घे. अधिकारी दोन्ही वापरत, आणि टंचाई कोणती व दुष्काळ कोणता याची सरकारी व्याख्या १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर आलेल्या फॅमिन कोडमुळे, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याच्या नियमावलीमुळे, पुढे पक्की झाली. १८७७ च्या कागदातला शब्द १८९७ च्या कागदातल्या शब्दाच्या मापाने मोजू नकोस.

आता आकड्यांबद्दल, कारण इथे फार मोठी चूक होते. त्या अहवालांत धान्याचे भाव बहुतेकदा ‘रुपयाला इतके पौंड’ किंवा ‘रुपयाला इतके शेर’ असे दिलेले असतात. म्हणजे आकडा खाली गेला की महागाई वाढली. तक्ता घाईने उतरवून आलेख काढला की दुष्काळाच्या वर्षी भाव कोसळलेला दिसतो, आणि त्यावरून निष्कर्षच उलटा निघतो. तक्त्याच्या मथळ्यात एकक कोणतं आहे हे वहीत आधी लिही, मग आकडे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. बेरजा तपासताना दशांशात बदलून घे. शेराचं वजन जागोजागी वेगळं असे, तेव्हा दोन जिल्ह्यांचे शेर थेट शेजारी मांडू नकोस.

इंटरनेट अर्काइव्हवर ज्यांच्या ओळखक्रमांकात ‘डीएलआय’ आणि ‘२०१५’ दिसतं, ती पुस्तकं डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पातून आलेली आहेत. मराठीची अमाप संपत्ती तिथे आहे आणि सूची अगदी कच्ची. मराठी शीर्षकं रोमन लिपीत, एका चमत्कारिक पद्धतीने लिहिलेली असतात: दीर्घ स्वर दोनदा, अनुस्वारासाठी ‘एन’ आणि त्याला जोडून वर एक स्वल्पविरामासारखी खूण. त्यामुळे पूर्ण शीर्षक टाकून काही सापडत नाही. शीर्षकातला एकच छोटा, अनुस्वार नसलेला शब्द घे, किंवा लेखकाचं आडनाव दोन-तीन वर्णलेखनांनी टाकून बघ. मराठी पुस्तकाची भाषा हिंदी किंवा संस्कृत अशी नोंदलेलीही सापडते, म्हणून भाषेची चाळणी लावू नकोस.

वर्षावर तर मुळीच विश्वास ठेवू नकोस. मुखपृष्ठावर ‘शके १८०५’ छापलेलं असतं आणि सूचीत १८०५ हे इसवी सन म्हणून चढतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ते पुस्तक १८८३ चं. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखेला मात्र ७९ मिळवायचे. शोधाला वर्षाची मर्यादा लावलीस तर अशी पुस्तकं गळतील, म्हणून मर्यादा न लावता शोध आणि मुखपृष्ठ स्वतः उघडून बघ.

त्याच प्रकल्पातली पानं बरीचशी निव्वळ काळ्या-पांढऱ्या रंगात घेतलेली आहेत. करड्या छटा नसल्याने फिकट शाई एकतर पूर्ण काळी होते नाहीतर गायब. देवनागरीत याचा पहिला बळी अनुस्वार. मग ‘ष’ आणि ‘प’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक पुसट होतो. अशा चित्रावरून यंत्राने काढलेला मजकूर शोधण्यापुरता वापर; उद्धृत करताना प्रत्येक अक्षर चित्राशी ताडून बघ. घडीचे नकाशे आणि मोठे तक्ते तर अनेकदा न उलगडताच स्कॅन झालेले असतात, किंवा मुळीच नसतात. अनुक्रमणिकेत नकाशा आहे आणि फाइलमध्ये नाही असं दिसलं, तर त्याच पुस्तकाची दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत शोध. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती तीन ठिकाणी असतील तर तिन्ही उघडण्याचा कंटाळा करू नकोस, एकीतलं गहाळ पान दुसरीत असतं.

मराठी मजकुरातल्या शोधाला आणखी दोन अडसर आहेत. पहिला अडसर जुन्या लेखनाचा. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या छपाईत ‘पुणें’, ‘घरें’, ‘कां’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार आहेत, तेव्हा अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना दोन्ही रूपं टाक. दुसरा अडसर डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांचे’ या शब्दातला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. अशा वेळी ‘शेतक’ एवढाच तुकडा टाक, तुझ्या विषयाचा हा मध्यवर्ती शब्द आहे आणि तो हातचा जाऊ देण्यासारखा नाही.

शोधगंगा तुला माहीत आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे ठेवले आहेत. एकेक प्रबंध प्रकरणवार फाइलींत तोडलेला असतो. ‘०१’ म्हणजे मुखपृष्ठ, आणि यादीच्या शेवटी ‘८०’ क्रमांकाची एक फाइल असते, तिच्यात मुखपृष्ठ आणि शेवटचं प्रकरण. बरेच जण तेवढीच उतरवून घेतात. तू संदर्भसूचीची फाइल आधी उघड. चांगल्या प्रबंधाची सूची तुला कुठल्या दफ्तरात काय आहे हे सांगते, आणि तेच तुला हवं आहे. मराठी माध्यमातले अनेक प्रबंध युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. वाचायला ते व्यवस्थित दिसतात, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा उतरतो. अशा प्रबंधाच्या आतला मजकूर शोधात येणं शक्यच नाही. शीर्षक, मार्गदर्शक, विभाग यांवरूनच तो सापडेल. इतिहास विभागावर थांबू नकोस, अर्थशास्त्र, भूगोल, मराठी, समाजशास्त्र हे चारही विभाग चाळ.

जुने शब्द अडले की शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीकडे जा. तिथे मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, वझ्यांचा १९११ चा शालेय कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश हे सगळे शोधता येतात. तुझ्या काळासाठी मोल्सवर्थ जवळचा, कारण तो दुष्काळाच्या फक्त वीस वर्षं आधीचा. दाते-कर्वे बोलींतल्या आणि दप्तरी शब्दांसाठी. तुळपुळे-फेल्डहाउस इथे उपयोगाचा नाही, त्याचा काळ फार मागचा. एकाच शब्दाचा अर्थ चार कोशांतून जमवून सोयीचा तेवढा निवडू नकोस. त्याच ग्रंथालयात भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी १९१३ ते १९२९ या काळात केलेल्या ग्रामोफोन तबकड्याही आहेत. तुझ्या कामाचं त्यात थेट काही नाही, तरी एकदा ऐक. बायबलमधली उधळ्या पुत्राची कथा भाषेमागून भाषेत सांगितलेली आहे. भाषांची तुलना करायला ती रचना उत्तम, पण मजकूर ठरवून दिलेला असल्याने तिला लोकांचं सहज बोलणं समजता येणार नाही.

जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह मात्र सोडू नकोस. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी पुण्यातून उभा केलेला, हजाराहून अधिक गावांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा साठा आहे. आता तो पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर वाचता-ऐकता येतो. ओव्या विषयवार लावल्या आहेत, आणि वर्गवारी संशोधकांनी केलेली आहे. ‘दुष्काळ’ हा शब्द नसलेल्या ओवीतही पाणी, सासर, कर्ज, गुरंढोरं येतात, म्हणून विषयांची यादीच वाचून काढ. लिहिलेली ओवी आणि गायलेली ओवी एक नाहीत. गाताना ओळी पुन्हा येतात, मध्ये संबोधनं येतात. ध्वनिमुद्रण सगळ्या ओव्यांचं नाही. आणि या ओव्या विसाव्या शतकात नोंदलेल्या आहेत, तेव्हा १८७७ चा पुरावा म्हणून एखादी थेट वापरू नकोस. गाणारीचं नाव आणि गाव नोंदीत दिलेलं आहे, ते तुझ्या लेखनातही यायलाच हवं. त्या बायका या ओव्यांच्या कर्त्या आहेत, नुसत्या माहिती देणाऱ्या नाहीत.

मोडी कागदांकडे वळशील तेव्हा सनांचा घोळ आणखी वाढेल. सुहूर सन ही मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना; तिच्यात इसवी सनासाठी ५९९ मिळवायचे, मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत; पुढच्या महिन्यांना ६००. आणि क्रमांकाला तारीख समजू नकोस. भांडारकर संस्थेतल्या सरकारी हस्तलिखितांच्या क्रमांकात १८७५-७६ असं वर्ष दिसतं, ते संग्रह केल्याचं वर्ष आहे. संस्कृत पंडित ब्यूलरने काश्मीरहून आणलेली पोथी कितीतरी जुनी असूनही तिच्या क्रमांकात तेच वर्ष आहे.

नोंदवहीचं आता सांगतो, हे आजच सुरू कर. प्रत्येक गोष्टीसाठी सहा रकाने: संस्था आणि संग्रहाचं नाव, स्थायी दुवा, छापील पानक्रमांक, फाइलमधला पानक्रमांक, पाहिल्याची तारीख, आणि प्रतीतला दोष. दुवा ब्राउझरच्या पट्टीवरून उचलू नकोस, नोंदीच्या पानावर ‘हँडल’ म्हणून दिलेला असतो तो घे. शोधगंगेचे हँडल १०६०३ ने सुरू होतात. संस्था प्रणाली बदलते तेव्हा पट्टीवरचा पत्ता मरतो, हँडल टिकावं म्हणूनच दिलेलं असतं. उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी ठेव, खुणा आणि रेघा प्रतीवर कर, आणि एक प्रत संगणकाबाहेर असू दे. संदर्भ देताना छापील पान लिही. फाइलचं पान प्रतीगणिक बदलतं.

संग्रहात दिसतं म्हणून ते पुन्हा छापता येतं असं नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. सरकारी अहवालांचे उतारे तुझ्या प्रबंधात चालतील, पण विसाव्या शतकातली छायाचित्रं आणि ध्वनिमुद्रणं वापरण्याआधी संस्थेला लेखी विचार.

आणि ग्रंथपालांना पत्र लिहायला लाजू नकोस. ‘दुष्काळावर काय आहे’ असं विचारू नकोस, त्याला उत्तर नसतं. स्कॅनवरच्या शिक्क्यातला दाखल क्रमांक, गहाळ पानांचे क्रमांक आणि तुला नेमका कोणता तक्ता हवा आहे, हे तीन ओळींत लिही. अशा पत्राला बहुधा उत्तर येतं, कारण पुस्तक कपाटातून काढणाऱ्याला काय बघायचं ते कळतं.

या आठवड्यात फक्त भीमथडी आणि इंदापूर हे दोन तालुके घे. गॅझेटियरमधले धान्यभावांचे तक्ते एककासह उतरवून काढ आणि मूळ पानांच्या प्रतींसह मला पाठव. मी ते पानाशी ताडून बघतो, मग पुढे कुठल्या दफ्तराकडे वळायचं ते ठरवू.

कळावे, लोभ आहेच.