दातांची अवजारे उकळली की झाले?

प्रश्न : आमचे दंतवैद्य अवजारे पाण्यात उकळून वापरतात. तेवढे पुरेसे आहे का? – एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : नाही. उकळल्याने बरेच जंतू मरतात, परंतु काही जिवाणूंचे चिवट बीजाणू (कठीण कवचातली त्यांची सुप्त रूपे) १०० अंश सेल्सिअसलाही तग धरतात, आणि सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात तर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून अवजारांवरील रक्त व लाळेचा अंश आधी घासून काढून, ती पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्ह या निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात दाबाखालील वाफेत, साधारणपणे १३४ अंशांवर किमान ३ मिनिटे ठेवावी लागतात. ड्रिलचा हँडपीसही (डॉक्टर हातात धरतात तो भाग) याला अपवाद नाही. माझ्या मते हयगय होण्याची भीती तिथेच अधिक असते. पाकीट आपल्यासमोर फोडायला अवश्य सांगावे. त्यावरील खुणेचा बदललेला रंग उष्णता पोहोचल्याचे दाखवतो. यंत्राची खरी परीक्षा मात्र बीजाणू-चाचणीनेच, म्हणजे यंत्रात मुद्दाम ठेवलेले बीजाणू मरतात का हे पाहूनच, होते, आणि ती नियमित होते का, हे डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे.