आधी बघ, मग मार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

प्लेस्टेशनच्या खोक्यात वायरींबरोबर हे पत्र ठेवतेय. रविवारी माझ्याकडे ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ खेळताना त्या मोठ्या डोक्याच्या भुताने तुला अकरा वेळा मारलं. निघताना तू “मावशी, मला नाही जमत” म्हणालास, ते मनात राहिलंय. म्हणून सुट्टी संपेपर्यंत कन्सोल तिकडे पंचवटीतच राहू दे.

आधी त्या भुताचं सांगते. त्या वाँडरिंग वाइटला आत्ता हरवायलाच हवं असं अजिबात नाही. बाजूने निघून जा, ताकद वाढली की परत ये. त्याच रानात ग्वांगझी नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आहे, त्याला गाठ. तो पडला की त्याचं रूप तुला घेता येतं, आणि त्या रूपाची हेल्थ वेगळी असते. स्वतःची हेल्थ तळाला गेली असताना रूप बदललंस, तर पुढचा मार ते रूप झेलतं.

आता खरी गोष्ट. तू फटक्याचं, चौकोनाचं बटण दाबायचं थांबतच नाहीस. बॉस हात उचलतो तेव्हा तुझा फटका चालूच असतो, मग डॉज करायला, म्हणजे वार चुकवायला, वेळही उरत नाही आणि स्टॅमिना, म्हणजे दमही. अंजनेरीच्या पायऱ्यांवरची माकडं आठव. मागच्या पावसाळ्यात तुझ्या हातातला बिस्किटांचा पुडा नेण्याआधी तो हुप्प्या किती वेळ नुसता बघत बसला होता! तुझी नजर वळली आणि त्याने झडप घातली. तसं खेळ. नव्या बॉससमोर पहिल्या दोन-तीन वेळा मारूच नकोस, फक्त डॉज कर आणि त्याचा हात कुठून येतो ते पाहा. काही बॉस हात उचलून मुद्दाम रेंगाळतात. तिथेच आपण घाईने उडी मारतो आणि सापडतो. मेलास तरी मिळवलेलं काही जात नाही, तेव्हा मरणाला घाबरू नकोस. अगदी ऐनवेळी डॉज जमला तर फोकसही भरतो, आणि तो हेवी अटॅकला, म्हणजे जोरदार फटक्याला, कामी येतो.

वुकाँग हा चिनी कथेतला माकडवीर ज्या भिक्षूचा शिष्य, त्याची कथा ह्युएनत्संग या खऱ्या प्रवाशावरून आली. तो ६२९ मध्ये चीनमधून निघाला आणि ६४५ मध्ये परतला. मधे दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं सूड घ्यायचा असला तरी शत्रूला आधी कळवतात, असं त्याने लिहून ठेवलंय. ते वाचलं तेव्हा मला या गेममधले बॉस आठवले. तेही आधी कळवतात, खांद्याने, पायाने, कधी नुसत्या आवाजाने.

बाकीचं थोडक्यात. कौशल्यं वाढवायला मिळणारे पहिले स्पार्क स्टॅमिनावर घाल. चुकलं तर श्राइनवर, म्हणजे विसाव्याच्या देव्हाऱ्यावर, सगळे फुकट परत मिळतात, म्हणून वेगवेगळं करून बघ. श्राइनवर बसलास की हेल्थ भरून देणाऱ्या पेयाचा तुंबा भरतो, पण साधे शत्रूही पुन्हा उभे राहतात. इमोबिलाइझ मंत्राने शत्रू गोठला की फटक्यांचा मारा सुरू करू नकोस, त्याने तो लवकर सुटतो. आधी हेवी अटॅक पूर्ण चार्ज कर, नाहीतर शांतपणे तुंब्यातलं पिऊन घे. आणि पहिल्या अध्यायातल्या तिन्ही घंटा वाजवल्याशिवाय शेवटच्या बॉसकडे, त्या अस्वलाकडे जाऊ नकोस. घंटांमुळे जुन्या देवळातला बॉस भेटतो, आणि त्याच्याकडून मिळणारं वस्त्र अस्वलाच्या आगीपासून वाचवतं. मी ते न घेता गेले होते आणि दोन संध्याकाळी घालवल्या.

एक लक्षात ठेव, सर्वांत वरची सेव्ह फाइल माझी आहे. तू नवा गेम सुरू कर. ग्वांगझी पडला की फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
मावशी